विमा आहे, पण किती उरलाय?

हवामान बदलामुळे घराचा विमा महाग होतोय, हे आता सगळ्यांच्या कानावर आलंय. पण घरांच्या विम्याच्या क्लेमच्या फायली वाचण्यावर जिचं पोट चालतं, अशा बाईला विचाराल तर हप्ता ही त्यातली सगळ्यात सरळ बाजू. हप्ता वाढला की माणूस चिडतो, चार ठिकाणी चौकशी करतो, निदान त्याला कळतं तरी. पॉलिसीच्या आतल्या पानांवर जे कमी होत जातं, ते मात्र छप्पर उडाल्याशिवाय कळत नाही.

माझं काम बॅक ऑफिसचं. घर साता समुद्रापार असतं, घरमालक मला कधी भेटत नाही. माझ्या स्क्रीनवर येतात ते फोटो, सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि पॉलिसीची कलमं. या कामात माणूस हळूहळू विचित्र होतो. लोक सुट्टीतले फोटो दाखवतात आणि मी मागच्या घराचं छप्पर किती जुनं असेल याचा अंदाज बांधत बसते.

एक नेहमीची फाईल सांगते, गारपिटीची. अमेरिकेत सर्व्हेअर शिडी लावून छपरावर चढतो, खडूने दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखतो आणि त्या चौकोनातल्या गारांच्या प्रत्येक घावाभोवती खडूनेच गोल काढतो. मग गोल मोजायचे. छपराच्या प्रत्येक उतारावर हेच. फोटोत काळ्या डांबरी शिंगलवर पांढऱ्या गोलांची नक्षी दिसते. गोल पुरेसे असले की छप्पर बदलायचं. पूर्वी इथे माझं काम संपायचं, कारण जुनं छप्पर गेलं की नव्याचे पैसे मिळत. आता अनेक पॉलिसींत छप्पर ठरावीक वयापलीकडे गेलं की वेगळा तक्ता लागू होतो आणि घसारा कापला जातो. वीस वर्षं आयुष्य धरलेलं छप्पर पंधरा वर्षांचं असेल, तर तीन चतुर्थांश किंमत तिथेच गळाली.

पुढे डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला जो पहिला वाटा मालकाने स्वतः सोसायचा तो. पूर्वी तो ठरलेला आकडा असायचा. वादळ आणि गारांसाठी आता तो बऱ्याच ठिकाणी टक्क्यांत लिहितात, आणि टक्के नुकसानीचे नसतात, घराच्या पूर्ण विमा रकमेचे असतात. आता हिशेब करा. घराचा विमा शंभरचा, नवं छप्पर सहाचं. घसारा जाऊन हातात दीड. डिडक्टिबल दोन टक्के, म्हणजे दोन. दीडातून दोन जात नाहीत. क्लेम खरा, नुकसान खरं, पॉलिसी चालू, हप्ते वेळेवर भरलेले, आणि देय रक्कम शून्य. अशी फाईल आमच्याकडे ‘क्लोज्ड विदाउट पेमेंट’ म्हणून मिटते. मालक फोनवर ज्याच्यावर ओरडतो त्याच्या हातात काही नसतं. माझ्याही नसतं.

गारपीट, गडगडाटी वादळं, वणवे, अचानक येणारे पूर यांना विमा धंद्यात आजवर दुय्यम संकटं म्हणत. पहिल्या रांगेत चक्रीवादळ आणि भूकंप. स्विस री या, विमा कंपन्यांचाच विमा काढणाऱ्या कंपनीच्या हिशेबात २०२३ साली जगभरातल्या अशा गडगडाटी वादळांनी विमा कंपन्यांना ६४ अब्ज डॉलरचा खर्च घातला. त्या वर्षी अमेरिकेतल्या एकाही मोठ्या शहरावर महाकाय चक्रीवादळ आदळलं नव्हतं. सगळी छपरंच होती. नैसर्गिक आपत्तींचा विमा कंपन्यांवरचा वर्षाचा बोजा आता शंभर अब्ज डॉलरच्या खाली उतरत नाही.

यातलं सगळं हवामान बदलाच्या नावावर टाकणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. गारपिटीचा खर्च वाढला त्यात मोठा वाटा जास्त घरांचा, मोठ्या छपरांचा आणि महागलेल्या मजुरीचा आहे. फ्लोरिडात तर वकिलांनी कोर्टकज्ज्यांचा कारखानाच काढला होता, तिथल्या हप्त्यात वाऱ्याबरोबर खटल्यांचाही मोठा वाटा होता. कंपन्यांना ‘हवामान’ हा शब्द सोयीचा आहे, तो वापरला की दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. पण पाऊस आणि आग यांच्या बाबतीत आडपडदा ठेवायचं कारण नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते कधीतरी कुणाच्या तरी तळघरात उतरतं. तापलेली हवा झाडोरा वाळवते, मग एका ठिणगीने भागतं.

हे सगळं पॉलिसीत शिरतं कसं, तर पुनर्विम्यातून. विमा कंपनी स्वतःचाही विमा काढते आणि तो करार बहुतेक ठिकाणी दर १ जानेवारीला नवा होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळ फ्लोरिडात घुसलं आणि पुढच्याच १ जानेवारीला पुनर्विम्याचे दर कडाडले. ज्यांच्या अंगणात वाऱ्याने पानही हललं नव्हतं अशा घरांच्या रिन्यूअल नोटिशीत पुढच्या काही महिन्यांत त्याचा हिशेब उमटला. पुनर्विमावाले आपल्याला दिसत नाहीत, पण या विषयात सगळ्यात आधी कान टवकारले ते त्यांनीच. म्युनिक रीने १९७३ मध्येच पुरावरच्या आपल्या पुस्तिकेत वातावरण तापत असल्याची नोंद केली होती. ही माणसं काही पर्यावरणप्रेमी नव्हती. त्यांना फक्त पुढच्या वर्षीचा दर ठरवायचा होता.

दर ठरवायची पद्धत बदलली ती १९९२ च्या ऑगस्टमध्ये. अँड्र्यू चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा कॅरन क्लार्क नावाची बाई आपल्या छोट्या कंपनीत संगणकावर वादळांची मॉडेल्स चालवत होती. नुकसान १३ अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकतं असा अंदाज तिने विमा कंपन्यांना कळवला. धंद्यातल्या जाणत्यांचा विश्वास बसला नाही. त्यांचा हिशेब मागच्या वादळांच्या सरासरीवर चालायचा आणि मधली काही दशकं त्या किनाऱ्यावर तुलनेने शांततेत गेली होती, तेवढ्यात किनारा घरांनी भरून गेला होता. प्रत्यक्ष विमा नुकसान १५ अब्जांच्या पुढे गेलं आणि जवळपास डझनभर कंपन्या बुडाल्या. तेव्हापासून मागचं वर्ष बघून पुढचा दर ठरवणं हे धंद्यात अडाणीपणाचं लक्षण झालं. मॉडेल हजारो काल्पनिक वादळं सोडून बघतं आणि विचारतं, या पत्त्यावर काय होईल? प्रत्येक पत्त्याला आकडा चिकटला.

इथेच विम्याचा मूळ स्वभाव बदलला असं मला वाटतं. आळीतल्या सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याचं जळेल त्याला द्यायचं, हा भिशीसारखा व्यवहार. कुणाचं जळणार हे कुणालाच माहीत नसतं तोवरच तो चालतो. नाल्याकाठच्या तिसऱ्या घराचा आकडा पाचव्या घराच्या चौपट आहे हे एकदा कळलं, की पाचवा म्हणतो, मी कशाला घालू? कंपनीही त्याचंच ऐकते, कारण तो गिऱ्हाईक म्हणून चांगला.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं, कारण तिथे सगळ्यांचा हेतू चांगला होता. १९८८ मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन १०३ मंजूर केलं. दर वाढवायचा तर आधी विमा आयुक्तांची मान्यता घ्यायची. त्याखालच्या नियमांप्रमाणे आपत्तीचा दर ठरवताना निदान मागच्या वीस वर्षांची सरासरी धरायची. मॉडेल दाखवून वणव्याचा वाढीव दर मागणं किंवा पुनर्विम्याचा खर्च गिऱ्हाइकावर टाकणं २०२४ च्या अखेरपर्यंत चालत नव्हतं. ग्राहकाच्या बाजूने विचार केला तर यात चुकीचं काय? आणि खरंच, कित्येक वर्षं तिथले हप्ते धोक्याच्या मानाने स्वस्त राहिले. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅम्प फायरने पॅरडाइज गाव जाळलं, ८५ माणसं गेली आणि मर्सेड नावाची एक छोटी विमा कंपनी त्या एका आगीत दिवाळखोर झाली. सरासरीत ही आग एक वीसांश होऊन बसली. कंपन्यांना दर वाढवता येईना, तेव्हा त्यांनी त्यांच्या हातात होतं ते केलं. पॉलिसी देणं थांबवलं. स्टेट फार्मच्या तिथल्या कंपनीने २७ मे २०२३ पासून घरांचे नवे अर्ज घेणं बंद केलं आणि मार्च २०२४ मध्ये सुमारे ७२ हजार पॉलिसी रिन्यू करणार नसल्याचं जाहीर केलं. त्यात लॉस एंजलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागातली घरंही होती. जानेवारी २०२५ मध्ये तो परिसर जळाला.

ज्यांना कुणी दारात उभं करत नाही त्यांच्यासाठी तिथे १९६८ पासूनची फेअर प्लॅन नावाची सोय आहे. सरकारी वाटते, पण ती राज्यातल्या विमा कंपन्यांनी मिळून चालवायची असते. तिच्यात आग मिळते, धूर मिळतो. पाइप फुटला, चोरी झाली, पाहुणा पायऱ्यांवरून पडला, यातलं मूळ पॉलिसीत काही नाही. त्यासाठी दुसरी पूरक पॉलिसी वेगळी घ्यायची. म्हणजे पूर्वी एका कागदात जे यायचं ते आता दोन कागदांत, जास्त पैशांत आणि तरी फटींसकट. २०२५ च्या आगींनंतर फेअर प्लॅनचेच पैसे अपुरे पडले आणि तिला सदस्य कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर गोळा करावे लागले. त्याचा काही भाग कंपन्या आपल्या इतर गिऱ्हाइकांकडून वसूल करू शकतात, म्हणजे डोंगरापासून कोसभर लांब राहणाराही त्या वणव्याचे पैसे भरतो. भिशी अशी मागच्या दाराने परत येते.

दर दाबून ठेवला तर धोका दबत नाही, हे मी अशा फायलींतून शिकले. पण ‘बाजारावर सोडा’ म्हणणाऱ्यांनी जर्मनीकडे बघावं. तिथल्या साध्या घरविम्यात आग, वादळ, गारा येतात, पण पूर वेगळा घ्यावा लागतो. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात पाणी घुसलं तेव्हा देशभरात जेमतेम निम्म्या घरांकडे ती जोडणी होती. बाडेन-वुर्टेमबर्ग या एकाच राज्यात नव्वद टक्क्यांहून जास्त घरांकडे आहे, कारण तिथे हा विमा नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सक्तीचा होता. सक्ती उठली तरी लोकांनी तो ठेवला.

पुराच्या फायलींवरून आठवलं. अमेरिकेत घराच्या पॉलिसीत वारा येतो आणि पूर येत नाही. पूर सरकारी योजनेत, आणि त्या योजनेत इमारतीसाठी कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर. ही मर्यादा १९९४ च्या कायद्यापासून तशीच आहे, त्या पैशात तेव्हा जे घर उभं राहायचं ते आज राहत नाही. चक्रीवादळात वारा आणि पाणी एकाच रात्री येतात. मग भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे ते बघायचं. रेघेखालचं पुराचं, वरचं वाऱ्याचं. भिंतच उरली नसेल तर? कॅटरिनानंतर २००५ मध्ये कित्येक घरांचा नुसता चौथरा शिल्लक होता, आणि त्या चौथऱ्यांवरून कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालली. आधी छप्पर उडालं की आधी पाणी आलं? ज्याच्याकडे पुराची पॉलिसी नव्हती त्याच्यासाठी या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सगळं घर होतं.

फ्रान्सने १९८२ मध्ये वेगळा रस्ता धरला. प्रत्येक घरविम्यावर सगळ्यांना सारखाच अधिभार, डोंगरावर राहा की नदीकाठी, आणि मागे सरकारची हमी असलेली पुनर्विमा कंपनी. मला ही रचना आवडते, स्पष्टच सांगते. पण तिलाही कळा सुरू झाल्या आहेत. १२ टक्क्यांचा अधिभार १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के करावा लागला. यामागे पूर आहेत, आणि एक असं संकट आहे ज्याचा आवाजच होत नाही. चिकणमाती.

दुष्काळात मातीतलं पाणी जातं, चिकणमाती आक्रसते आणि वरचं घर असमान खचतं. एका कोपऱ्याखालची माती जास्त सुकली, जवळ मोठं झाड असलं तर हमखास, की खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी चीर निघते. वर रुंद, खाली निमुळती. पुढच्या हिवाळ्यात माती फुगते, चीर थोडी मिटते, मालकाला वाटतं बरं झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. अशा फायलीत घाई करता येत नाही. चिरेवर मोजपट्टी चिकटवून महिनोन्‌महिने तिची रुंदी नोंदवायची, मगच पाया खालून मजबूत करायचा की नुसतं झाड सांभाळायचं ते ठरतं. २०२२ चा दुष्काळ फ्रान्सच्या या योजनेला आजवरचा सगळ्यात महाग दुष्काळ पडला. आणि इथेही तेच कलम डोकावतं. घराच्या इतर आपत्तींना कायद्याने ठरलेलं डिडक्टिबल ३८० युरो आहे, मातीच्या आक्रसण्याला १,५२०. चौपट.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून फ्लड री आहे. पूरप्रवण घरांच्या पुराचा भाग कंपन्या तिच्याकडे ढकलतात, म्हणून हप्ता आवाक्यात राहतो. मात्र १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना ती लागू नाही, कारण पूरक्षेत्रात नवीन घरं बांधायला तिने प्रोत्साहन द्यायचं नव्हतं. बिल्डर थांबले का, हा वेगळा प्रश्न. आणि योजना २०३९ मध्ये संपणार आहे. आज पंचवीस वर्षांचं कर्ज काढणाऱ्याचे हप्ते त्याच्या पलीकडे जातात.

या सगळ्या भानगडीचं मूळ मला या मुदतींत दिसतं. घर पन्नास-साठ वर्षांचं, कर्ज वीस-तीस वर्षांचं, विमा एका वर्षाचा. बँक कर्ज देताना विमा मागते, आणि तो तिसाव्या वर्षापर्यंत मिळेल असं तिच्यासकट सगळे धरून चालतात. कंपनीने मात्र एका वर्षापलीकडे कुणालाच शब्द दिलेला नसतो. पुढच्या वर्षी तिच्याकडे तुमच्या छपराचा आकाशातून काढलेला ताजा फोटो असेल. त्यात शेवाळ दिसलं, छपरावर टेकलेली फांदी दिसली, तरी रिन्यूअल अडू शकतं. फोटो जुना असेल तर कटकट आणखी वाढते, मालकाला स्वखर्चाने नवे फोटो पाठवून भांडावं लागतं.

भांडण्यापेक्षा छप्पर नीट करावं, हे माझं कामातून बनलेलं मत. अमेरिकेत विमा कंपन्यांनीच चालवलेली एक संशोधन संस्था आहे, साउथ कॅरोलायनात. तिथे १०५ पंख्यांसमोर अख्खं घर उभं करतात आणि ते कुठून उकलतं ते बघतात. घर बहुतेकदा छपराच्या कडेपासून उकलतं. त्यावरून त्यांनी काढलेले उपाय इतके साधे आहेत की हसू येतं. छपराखालच्या फळ्यांचे सांधे टेपने बंद करा, म्हणजे वरचं आवरण उडालं तरी पाणी आत येणार नाही. गुळगुळीत खिळ्यांऐवजी अंगावर आटे असलेले खिळे वापरा, ते उपटून निघत नाहीत. अलाबामात असं छप्पर केलं की हप्त्यात सूट देणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. वणव्याचंही तसंच. बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत, वाऱ्यावर उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. निखारा पन्हळीतल्या वाळक्या पानांवर पडतो, नाहीतर झरोक्यातून माळ्यावर शिरतो. झरोक्याला तीन मिलिमीटरची धातूची जाळी आणि भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखं काहीही नाही, एवढ्याने खूप फरक पडतो. पायपुसणंसुद्धा त्यात आलं.

रिन्यूअलचा कागद आला की मी तरी हप्ता शेवटी बघते. आधी विमा रक्कम. ती घराच्या बाजारभावाची नको, आज ते घर पुन्हा बांधायला लागेल तेवढी हवी. काही देशांतल्या पॉलिसींत सरासरीचं कलम असतं. शंभरच्या घराचा साठचा विमा काढला असेल, तर चाळीसचं नुकसान झाल्यावर चाळीस मिळत नाहीत, त्याचे साठ टक्के मिळतात, चोवीस. मोठ्या आपत्तीनंतर सगळ्यांनाच एकदम गवंडी आणि सिमेंट हवं असतं, भाव चढतात आणि हे कलम आणखी चावतं. मग डिडक्टिबल, आकड्यात की टक्क्यांत, आणि टक्के कशाचे. मग छपराचा तक्ता. मग पाणी: वरून पडलेलं, जमिनीवरून आलेलं, गटारातून उलटं चढलेलं, ही तीन वेगवेगळी पाणी आहेत आणि तिन्ही एकाच पॉलिसीत असतील असं नाही.

घर घेणाऱ्याला तर एवढंही वाचायला मिळत नाही. अमेरिकेतल्या झिलो या घरखरेदीच्या साइटने २०२४ मध्ये प्रत्येक घरापुढे पूर, वणवा, वारा, उष्णता यांच्या धोक्याचे गुण दाखवायला सुरुवात केली होती. त्यामुळे घरं विकली जाईनात, आकडे बरोबर नाहीत, अशा तक्रारी झाल्या आणि २०२५ च्या अखेरीस ते गुण काढून टाकले गेले. अशी मॉडेल्स शंभर टक्के बरोबर नसतात, तक्रारीत थोडं तथ्य असेलही. पण विमा कंपनीच्या टेबलावर त्या पत्त्याचा आकडा आहेच. तो काढून घ्यायचा एक रस्ता सर्वांना मोकळा आहे: इसार देण्याआधी, घर अजून दुसऱ्याच्या नावावर असताना, त्या पत्त्यासाठी विम्याचं कोटेशन मागवा, आणि अटींच्या पानांसकट मागवा.